सेटिंगच्या संध्याकाळी

आमच्या कारखान्यात एक काम उतरवून दुसरं चढवायचं, तर मशीनचं सगळं सेटिंग मोडून नव्याने जमवावं लागतं. दिवसा मशीन बंद ठेवणं सासऱ्यांना पटत नाही. त्यामुळे हे काम कामगार घरी गेल्यावर, आणि करणार माझा नवरा. लेकीला बाबा माहीत आहे तो पांघरुणात झोपलेला. सकाळी ती त्याच्या पायाचा अंगठा ओढून बघते, आणि त्याची झोप मोडेल म्हणून मी तिला उचलून बाहेर नेते.

म्हणूनच झटपट काम बदलणाऱ्या नव्या मशीनचा विषय निघाला, तेव्हा मी हात धुऊन मागे लागले. गिऱ्हाइकं हल्ली थोडाथोडा, वेगवेगळा माल मागतात, हे सासऱ्यांना पटवलं. खरं कारण पोटातच ठेवलं.

मशीन चालताना बघायला आम्ही लेकीसकट विक्रेत्याकडे गेलो. काचेआड मशीनने आपणच हत्यार बदललं आणि गोल झाकण संपवून लगेच चौकोनी पट्टी कापायला घेतली.

"चहा तेवढा करत नाही वाटतं," सासरे म्हणाले.

"तेवढंच राहिलंय, काका," विक्रेता हसला.

नवरा काचेला नाक लावून उभा. लग्नाआधी मला भेटायला यायचा, तेव्हा त्याचा चेहरा असा फुललेला असायचा.

"बाबा, आपण नाही म्हटलेली सगळी कामं घेता येतील! दोन पाळ्या लावू. रात्रीही चालवू."

मी लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"काय सूनबाई? एवढं डोकं खाल्लंस, आता गप्प का?"

"घेऊ या, बाबा. पण सेटिंगच्या ज्या संध्याकाळी वाचतील, त्या घरच्या. त्यात नवीन काम घालायचं नाही."

"ही अट मशीनला की याला?"

"मशीन ऐकेल हो."

सासरे खो खो हसले. नवरा हसला नाही. माझ्या कडेवरच्या लेकीकडे बघत राहिला.

"बघू," तो म्हणाला. मग हात पुढे केले. "दे इकडे. तिला दाखवतो."

काच गरम नाही ना, हे मी आधी हात लावून बघितलं आणि तिला दिलं. ती मशीनकडे बघेचना. त्याच्या दाढीवरून बोटं फिरवत राहिली, मधेच वळून माझ्याकडे बघायची, हा खराच तो ना, असं.

विक्रेता सहीचे कागद घेऊन आला. "ताई, बाळाला घेता का जरा?"

"राहू द्या," मी म्हटलं. "सही नंतर."