ठकुबाईला बसवून ठेवणारी खुर्ची

मित्रांनो, लाकडाला राग येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. मी भिवंडीजवळच्या कशेळीतल्या एका बंगल्यातली जुनी सागवानी खुर्ची आहे. माझ्या एका पायाला तडा गेला आहे, बैठकीचा रंग कधीच उडाला आहे, आणि गेली चार वर्षं मी संतापलेली आहे. का, ते ऐका.

मी मुळात खुर्ची नव्हते. मी केसरीनाथच्या होडीची फळी होते. होडी कामातून गेली तेव्हा केसरीनाथने तिचं लाकूड जाळायला काढलं. त्याची बायको ठकुबाई मध्ये पडली. "खाडीत एवढी वर्षं राबलंय हे लाकूड. चुलीत घालाचं न्हाय," ती म्हणाली. मग बाळाराम मिस्त्रीने दोन दिवस अंगणात बसून मला घडवलं. मला पाठ दिली, दोन हात दिले, आणि उंची मात्र फार विचार करून ठेवली. बसणाऱ्याचे तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत असा त्याचा हट्ट होता. "खुर्चीत माणूस बुडला न्हाय पायजे," तो केसरीनाथला म्हणाला, "उठला पायजे."

ठकुबाई स्वतः माझ्यावर कधी बसली नाही. तिला वेळच नव्हता. ओहोटी लागली की ती खाडीत उतरायची. गुडघाभर चिखलात चालत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायची, चिखलातले निवटे मासे धरायची, आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन भिवंडीच्या बाजारात जायची. घरी आली की जमिनीवर उकिडवी बसून विळीवर मासळी साफ करायची आणि हात न टेकता उठायची. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. तिने तर मुळीच नाही. खाडीचा चिखल कसा असतो, माहीत आहे का तुम्हाला? पाय टाकला की आत ओढतो, उचलला की निसटतो. चाळीस वर्षं ती त्या चिखलात चालली आणि एकदाही पडली नाही.

केसरीनाथ गेला. गावात गोडाऊनं उभी राहिली. मुलगा मनोज याने वडिलांच्या जमिनीवर गाळे बांधून भाड्याने दिले आणि जुन्या घराच्या जागी बंगला बांधला. बंगल्यातली लादी अशी की तिच्यात चेहरा दिसावा. स्वयंपाकघरात उंच ओटा आला, विळी गेली, मासळी साफ करून घरपोच यायला लागली. आणि मनोज आईला म्हणाला, "आई, खूप केलंस. आता तू फक्त बसायचं."

मला गॅलरीत ठेवलं आणि ठकुबाईला माझ्यावर.

सुरुवातीला मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, एवढ्या वर्षांनी हक्काचं माणूस मिळालं. ती सकाळी बसायची, समोर रस्त्यावरचे कंटेनर आणि ट्रक बघायची. पाणी हवं असलं तर निशा, म्हणजे तिची सून, आणून द्यायची. चहा हातात, जेवण हातात. ठकुबाई उठायला लागली की घरात कुणीतरी ओरडायचं, "आई, कुठे निघालीस? बस! पडशील!"

मित्रांनो, माणसाचे पाय केव्हा बारीक होतात हे डोळ्यांना फार उशिरा दिसतं. खुर्चीला लवकर कळतं. पहिल्या वर्षी ठकुबाई माझ्यावरून सरळ उठायची, माझ्या हातांना बोटही न लावता. दुसऱ्या वर्षी ती एक हात टेकायला लागली. तिसऱ्या वर्षी दोन्ही. मग एकदा पुढे झुकून मागे पडायची, पुन्हा झोका घ्यायची आणि तेव्हा कुठे उठायची. तिच्या तळहातांचा भार दर महिन्याला वाढत होता. मला तोंड असतं तर मी सगळा बंगला डोक्यावर घेतला असता. "अरे, हिच्या पायांतली ताकद चाललीय! हिला चालू द्या!" पण खुर्चीचं कोण ऐकणार? आणि ठकुबाईचंही कुणी ऐकत नव्हतं.

त्यात तिला उठल्याउठल्या चक्कर यायची. ब्लड प्रेशरची गोळी वाढवल्यापासून यायची. ती क्षणभर माझा हात घट्ट धरून डोळे मिटायची. घरात तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर आणखी बसवतील, ही भीती.

पावसाळा संपून ऊन तापायला लागलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. फाटकाशी हाक आली, "अगो ठकुबाय! हायस का?"

ती जानकीबाई. दोघींनी तरुणपणी एकाच ओहोटीला चिंबोऱ्या धरल्या होत्या. ठकुबाईचा चेहरा उजळला. ती माझ्या हातांवर जोर देऊन भर्रकन उठली. पायात निशाने आणलेल्या मऊ, मागून उघड्या सपाता, अंगात पायांत अडकणारा लांब गाऊन. गॅलरीच्या दारात एक फुलाफुलांचं पायपुसणं होतं. खालची लादी आरशासारखी. तिला चक्कर आली, पाय पायपुसण्यावर पडला, आणि पायपुसणं तिच्यासकट सरकलं.

तिच्या मनगटाचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला विसरता येत नाही.

जानकीबाई धावत आत आली. निशा आली. मनोज गोडाऊनवरून गाडी घेऊन आला आणि आल्या आल्या त्या बिचाऱ्या जानकीबाईवरच ओरडला, "हाका मारायची काय गरज होती? तुमच्यामुळे पडली आई! पुन्हा येऊ नका इकडे." जानकीबाईने आपली पाटी उचलली. ती निघून गेली.

पायपुसण्यावर कुणी ओरडलं नाही. ते झटकून पुन्हा त्याच दारात घातलं.

ठकुबाईच्या मनगटाला प्लास्टर लागलं. मनोजने आईसाठी एक गुबगुबीत, मागे कलणारी मोठी खुर्ची आणली. ती आली आणि मला जिन्याखाली ढकललं. माझ्यावर रंगाचे डबे आले. जिन्याखालून मला हॉलमधलं अर्धंच दिसायचं, पण तेवढं पुरे होतं. त्या मऊ खुर्चीत ठकुबाई कमरेपर्यंत बुडायची. तिच्याजवळ एक घंटी ठेवली होती. बाथरूमला जायचं तरी घंटी वाजवायची आणि दोघांनी तिला ओढून काढायचं.

मनोज वाईट मुलगा नव्हता. त्याचं आईवर प्रेम होतं, हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा राग जास्त होता. दुष्टपणाशी भांडता येतं. अशा प्रेमाशी कोण भांडणार?

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच होती. एक दिवस निशा स्वतःच म्हणाली, "आई, चला, अंगणात दोन फेऱ्या मारू." आणि खाडीच्या चिखलात पाय रोवून उभी राहणारी ठकुबाई म्हणाली, "नको गो. पडंन मी."

आता तिला कुणी बसवत नव्हतं. तीच उठायला घाबरत होती.

प्लास्टर निघालं तेव्हा आखडलेल्या मनगटाला व्यायाम देण्यासाठी जवळच्या टेमघरहून सई नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, चटपटीत मुलगी. पहिल्याच दिवशी तिने मनगट हातात घेण्याआधी विचारलं, "आजी, तुम्ही पडलात कशा? मला सगळं सांगा."

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ठकुबाईने सपाता सांगितल्या, पायपुसणं सांगितलं, आणि निशा ऐकत असतानाही पहिल्यांदा चक्कर येत असल्याचं सांगितलं. निशाचा चेहरा उतरला.

"बरं, आता उठून दाखवा," सई म्हणाली.

ठकुबाईला त्या मऊ खुर्चीतून हलताही येईना.

"वहिनी, घरात एखादी टणक खुर्ची आहे? हात असलेली?"

आणि मित्रांनो, माझ्यावरचे रंगाचे डबे उतरले.

सईने मला भिंतीला पाठ लावून ठेवलं, म्हणजे मी मागे सरकणार नाही. ठकुबाईला बसवलं. पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायला लावले, अंग पुढे झुकवायला सांगितलं, आणि स्वतः अगदी शेजारी उभी राहिली. "हात न टेकता. जमेल तेवढंच."

ठकुबाई चार बोटं उठली आणि धपकन खाली आली. पुन्हा उठली, पुन्हा आदळली. मग तिने धड असलेल्या हाताने माझ्या हातावर थाड् करून चापट मारली. "माझंच पाय हायत ना हे?" ती ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडू नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला राग आला होता. मला त्या चापटीचं फार बरं वाटलं.

तेवढ्यात मनोज आला. "हे काय चाललंय? मॅडम, तुम्हाला मनगटासाठी बोलावलंय. आई पुन्हा पडली तर जबाबदार कोण?"

"दादा, मनगट आता जुळलंय," सई म्हणाली. "पण त्या पडल्या पायांमुळे. पाय असेच राहिले तर पुढच्या वेळी कंबरेचं हाड मोडेल. बसून राहिल्याने पडणं टळत नाही. उलट जवळ येतं."

"आम्ही तिला काही कमी करत नाही. फुलासारखं जपतो."

सई काही बोलणार होती, पण ठकुबाईच बोलली. "मनोज, मी काय तुझ्या गोडाऊनमधला माल हाय? आणून ठेवला, वरून झाकला, झाला?"

"आई, मी तुझ्यासाठीच..."

"चाळीस वरसं मी चिखलात पडली न्हाय. तुझ्या लादीवर पडली. आन् तू वरडलास कुणावर? जानकीवर!"

ठकुबाईने सईचा खांदा धरला, उभी राहिली, हळूहळू दारापर्यंत गेली आणि पायाने ते फुलाफुलांचं पायपुसणं गॅलरीबाहेर ढकललं. "आधी ह्याला हाकल," ती मुलाला म्हणाली. "मंग जानकीला बोलाव. तू स्वता जा."

मनोज त्या दिवशी गेला नाही. रागावून गोडाऊनवर गेला. दोन दिवस आईशी बोललाही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तो डॉक्टरांकडे जाऊन आईला चक्कर येते त्याबद्दल बोलला, आणि डॉक्टरांनी तिला तपासून गोळी बदलली. मग बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी बसली. मागून बंद, घट्ट तळाच्या चपला आल्या. डोळे तपासले तर चष्म्याचा नंबर केव्हाच बदलला होता. आणि एका सकाळी मनोज गाडी न घेता, पायी, जानकीबाईच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. संध्याकाळी जानकीबाई आली, एवढं खरं.

माझं काम रोज सुरू झालं. सकाळी उठबस. मग माझी पाठ धरून टाचा उचलायच्या. मग एक पाय उचलून उभं राहायचं, आधी दोन श्वास, मग पाच, मग दहा. निशा कायम हाताच्या अंतरावर असायची, पण हात लावायची नाही. हे तिला फार कठीण गेलं असणार. पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही. एकदा ठकुबाई म्हणाली, "जाऊ दे गो, झालं वय." मी तर खचलेच. सईने फक्त विचारलं, "आजी, खाडीच्या चिखलात चालायला एका दिवसात शिकलात का?" ठकुबाई पुटपुटत पुन्हा माझ्यावर बसली आणि उठली.

महिना होऊन गेला असेल. ती माझ्यावरून हात न टेकता, एका दमात उठली. तिचे तळवे माझ्या हातांना शिवलेही नाहीत. निशाने टाळ्या वाजवल्या. जानकीबाई म्हणाली, "त्यात काय? मना पन येतं," आणि तीही दोनदा उठून बसून दाखवून गेली.

दाराशी मनोज उभा होता. ठकुबाईने त्याला बोलावलं. "तू बस. आन् हात न टेकता ऊठ."

मनोज पन्नाशीचा. दिवसभर गाडीत आणि ऑफिसात बसलेला. हसत बसला. पहिल्यांदा उठायला गेला तो परत माझ्यावर आपटला. माझ्या तडा गेलेल्या पायाने कर्र केलं. दुसऱ्यांदाही तेच. त्याचं हसू मावळलं, आणि त्याचे दोन्ही हात माझ्या हातांवर आले. तो भार मला ओळखीचा होता. त्याच्या आईचा, तिसऱ्या वर्षीचा.

ठकुबाई हसली नाही. मुलापुढे उभी राहून ती म्हणाली, "उद्या सकाली माझ्याबरोबर उठाचं. फाटकापासनं खाडीच्या बांधापर्यंत चालाचं. मी हाय शेजारी."

आता ती दोघं रोज जातात. ठकुबाईचं मनगट जरा वाकडंच राहिलं, ते आता सरळ व्हायचं नाही. माझा रागही पुरता गेलेला नाही. मी आता पुन्हा गॅलरीत असते, आणि समोरच्या बंगल्याच्या गॅलरीत एक आजोबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेले मला दिसतात. ते उठायला लागले की आतून कुणीतरी ओरडतं, आणि ते पुन्हा बसतात.

म्हणून सांगते, मित्रांनो. आज घरी गेलात की आधी जमिनीकडे बघा. सरकणारं पायपुसणं, ओली लादी, वाटेत पडलेली तुमची दप्तरं, सगळं उचला. मग आजी-आजोबांना विचारा, उठताना चक्कर येते का, पाय लटपटतात का. येत असेल तर डॉक्टरांना दाखवायला लावा. माझ्यासारखी एखादी टणक खुर्ची भिंतीला लावा, शेजारी उभे राहा, आणि त्यांना त्यांच्या ताकदीने उठू द्या. वेळ लागेल. लागू द्या.

आणि एकदा ते उठले, की कृपा करून त्यांना लगेच पुन्हा बसवू नका.