बारा नंबरच्या दारावरची पाटी

मी बारा नंबरच्या दारावरची पाटी बोलतेय. हातभरसुद्धा नाही, वीतभर लाकूड. एका अंगाला हिरवी, दुसऱ्या अंगाला पिवळी. माझ्यावर नाव नाही, गाव नाही, एक अक्षरही नाही. पण माझ्यामुळे एक बाई साडेपाच तास फरशीवर पडून होती, आणि ते पोटात ठेवून मला आता लटकवत नाही.

माझा जन्म इथलाच. ही म्हाताऱ्या माणसांची वसाहत. एका लांब व्हरांड्याला चोवीस खोल्या, टोकाला एक मोठी खोली, तिथे व्यायाम चालतो, दर पंधरवड्याला नर्सबाई येऊन सगळ्यांचं ब्लडप्रेशर बघतात. जिन्याखालचं जुनं कपाट मोडलं तेव्हा सुतारानं त्याच्या फळीच्या चोवीस पाट्या कापल्या, घासल्या, रंगवल्या. मी बारावी. माझा एक कोपरा तासताना त्याला शिंक आली, म्हणून तो जरा तिरका आहे.

देखरेखीला एक ताई आहे. चाळिशीची, पायात कापडी बूट, कमरेला किल्ल्यांचा झुबका. तिनंच नियम काढला. झोपताना पाटी पिवळी करायची, सकाळी उठलं की हिरवी. नऊ वाजता ताई फेरी मारणार. हिरवी दिसली की पुढे. पिवळी दिसली की दार वाजवणार, आतून आवाज नाही आला तर किल्ली लावून आत जाणार.

सुरुवातीला काय कुरकुर झाली! "आम्ही काय शाळेत आहोत हजेरी द्यायला?" असं चार नंबरचे म्हणाले. पण माणसाला कशाचीही सवय लागते. पुढे पुढे तर शेजाऱ्याची पाटी हिरवी झाली की नाही हे बघितल्याशिवाय कुणाला चहा गोड लागेना.

बारा नंबरमध्ये शिवणवाल्या आजी राहतात. चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. इथे येताना भांडीकुंडी मुलीला देऊन टाकली, पण पायाचं मशीन सोडलं नाही. आल्या आल्या माझी सुतळी बघून म्हणाल्या, "ही काय गळ्यात फास घातल्यासारखी?" आणि उरल्यासुरल्या कापडाची मऊ दोरी शिवून मला बांधली. तेव्हापासून मी त्यांची.

आजींचं एकच दुखणं. त्यांना सकाळी उठवलेलं खपत नसे. "चाळीस वर्षं पाचला उठून दुकानाचं शटर वर केलंय. आता दहापर्यंत लोळेन नाहीतर बारापर्यंत, कुणाच्या बापाचं काय जातं?" पण ताईला हे सांगायची त्यांना लाज. ताई म्हणेल, म्हातारी आळशी. म्हणून रोज नऊला दार वाजायचं, आजी दचकून उठायच्या आणि दिवसभर धुसफुसायच्या.

शेजारी, तेरा नंबरला, कंडक्टर आजोबा. एसटीत होते. पहाटेच टक्क जागे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण जीभ अजून गर्दीतून वाट काढील अशी. एक दिवस ते आजींना म्हणाले, "बाई, मी साडेसहाला दूध आणायला जातोच. जाता जाता तुमची पाटी उलटवतो. तुम्ही खुशाल झोपा."

"आणि त्या ताईला कळलं म्हणजे?"

"कसं कळेल? पाटी काय तोंडानं बोलते?"

दोघं कितीतरी वेळ हसली. मीही मनात हसले, खोटं कशाला बोलू. चांगल्या मनानं केलेली गोष्ट होती ती. तीन महिने असंच चाललं. आजी झोपलेल्या आणि मी बाहेर हिरवीगार. ताई माझ्यासमोरून जायची, मान डोलवायची. ती मान डोलवायची ना, तेव्हा मला कुठेतरी टोचायचं.

मग तो मंगळवार आला.

सहाच्या सुमाराला आत काहीतरी धपकन पडलं. मागोमाग आजींचं "आई गं!" आणि मग काहीच नाही. मी पिवळी होते. मनात म्हटलं, पिवळी आहे तेच बरं, नऊला ताई येईल, दार उघडेल. तीन तास आहेत. धर धीर.

साडेसहाला तेराचं दार वाजलं. कंडक्टर आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. दुधाला नव्हे, त्या दिवशी त्यांना डोळे तपासायला दवाखान्यात जायचं होतं. आतून आजी कण्हल्या. बारीक, दाराला कान लावला तरच ऐकू येईल एवढं. आजोबांचा डावा कान दाराकडे होता.

नको हो, मी म्हटलं. आज तेवढं नको. आज विसरा.

ते विसरले नाहीत. उशीर होत होता, चपलेचा अंगठा धड घातला नव्हता, तरी दोन पावलं मागे आले, मला उलटवलं आणि गेले. शब्दाचा पक्का माणूस.

मी हिरवी झाले. दारावर आल्याला सहा महिने झाले होते, पण माझ्याच रंगाची भीती मला पहिल्यांदा वाटली ती तेव्हा.

नऊला ताईचे बूट वाजले. दहा नंबर, अकरा नंबर. ती माझ्यासमोर आली. तेवढ्यात आतून मशीनचा आवाज आला, खडखड, खडखड. आजी मशीनशेजारीच पडल्या होत्या. ओरडायला घसा नव्हता, म्हणून हात लांब करून करून पायडल दाबत होत्या. कुणीतरी ऐकावं म्हणून.

ताईनं ऐकलं. हसली. "आज लवकर बसल्या वाटतं शिवायला!" असं सफाईच्या मावशींना म्हणाली आणि पुढे गेली.

त्यानंतर आवाज थांबला. मावशींनी माझ्याखालची फरशी पुसली. दहा वाजले. व्हरांड्यात ऊन आलं आणि गेलं. मधूनच एकदा पायडल वाजायचं, मग बराच वेळ नाही. दोन खडखडींच्या मधला वेळ लांबत चालला होता. मी नुसती लोंबत होते. वारा आला तरी उलटेन म्हटलं, पण आजींनी दोरी कशी शिवली होती, जागची हलेन तर शपथ.

साडेअकराला कंडक्टर आजोबा परतले. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, भिंतीला हात लावत लावत चाललेले. ताई व्यायामाच्या खोलीतून बाहेर येत होती.

"काय आजोबा, सिनेमातले दिसताय! आज व्यायामाला तुम्ही नाही, आजी नाहीत. दोघांनी ठरवून दांडी मारलीत की काय?"

"बाई नाही आल्या?"

"नाही हो. पण उठल्यात केव्हाच. मी नऊला आले तेव्हाच पाटी हिरवी होती."

आजोबा जागच्या जागी थांबले. चष्मा काढला. औषधानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. सांगावं तर तीन महिन्यांची लबाडी उघडी पडते. आणि आजी आत सुखानं झोपल्या असतील तर उगीच दोघांची शोभा.

"ताई," ते म्हणाले, "पाटी त्यांनी नाही उलटवली. मी उलटवतो. रोज."

ताईच्या तोंडावरचं हसू गेलं. "म्हणजे आज त्यांना कुणी पाहिलंच नाही?"

"कुणीच नाही."

ती धावली. झुबक्यातली किल्ली सापडेना. अकराची निघाली, एकवीसची निघाली. आजोबा मागून भिंत चाचपत येत होते आणि एकच शब्द घोकत होते, "लवकर, लवकर." किल्ली लागली. दार आत गेलं आणि त्याच्याबरोबर मीही आत गेले.

आजी जमिनीवर होत्या. ओठ पांढरे, एक पाय वाकडा, हात अजून पायडलवर. ताईनं गुडघे टेकले. "आजी! अहो आजी!"

आजींनी डोळे उघडले. "नऊ वाजले का गं?" एवढंच म्हणाल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स आली, आजींना दवाखान्यात घेऊन गेली. आजोबा दारात उभेच होते. ताई त्यांच्यावर ओरडली नाही. तेच जड गेलं त्यांना. "अहो, मला सांगायचं होतं ना," ती हळूच म्हणाली, "मी त्यांची वेळ दहा केली असती. त्यात काय मोठं होतं?" मग स्वतःशीच पुटपुटली, "मीही कधी विचारलं नाही म्हणा."

त्या आठवड्यात ताई प्रत्येक दारात बसली, प्रत्येकाला विचारलं, तुम्ही केव्हा उठता, तुम्हाला केव्हा वाजवू. कुणी सात म्हणालं, कुणी साडेनऊ. तेव्हा कळलं, आणखी तीन दारांवर शेजारी पाट्या उलटवत होते.

ताईनं मला उलटवून ठेवलं, आणि सात आठवडे मी पिवळीच लटकले. कंडक्टर आजोबा येता-जाता हात पाठीमागे बांधून जायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

काल आजी परत आल्या. चार पायांचा वॉकर, अंगानं निम्म्या, जीभ तेवढीच. आल्या आल्या आजोबांना म्हणाल्या, "कंडक्टर, या पाटीला पुन्हा बोट लावलंत तर बोट शिवून टाकीन."

"बाई, तुम्ही माफ केलंत का तेवढं सांगा."

"सात आठवडे तेच तर करत होते. दुसरं काम काय होतं पडल्या पडल्या?"

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं. शेजाऱ्यावर माया करा, दूध आणून द्या, दोन थट्टेचे शब्द बोला. पण त्याच्या दारावरचा रंग त्यालाच बदलू द्या. आणि दार वाजवायला भिऊ नका. झोपमोड झाली म्हणून कुणी चिडलं, तर चिडणारं माणूस आत आहे हे तरी कळतं.

आज आजींची पहिली सकाळ. त्यांची वेळ आता दहाची, आणि दहाला पाच कमी आहेत. मी पिवळी आहे. ताई समोर उभी, किल्ली आधीच वेगळी काढलेली. आजोबा आपल्या दारात, हात पाठीमागे, उजवा कान इकडे. आत वॉकर वाजतोय. टक. मग थांबतोय. टक. बराच वेळ थांबला. आजोबांनी ताईकडे पाहिलं. ताईनं घड्याळाकडे.

दहा वाजले. वॉकर वाजेना.

ताईनं दार वाजवलं.

"ऐकू आलं गं बाई!" आतून आजी कडाडल्या. "जिवंत आहे! जरा दम घेतेय, तोही घेऊ देणार नाही का?"

बाहेर दोघांनी सोडलेला श्वास माझ्या अंगावरून गेला. मी अजून पिवळीच आहे, आणि असू दे. आजी येताहेत.