नादबंदूक

शहरातल्या उलजिरो भागातल्या एका गल्लीत मी तेहतीस वर्षं स्पीकर दुरुस्त करते आहे. त्यामुळे आवाजात काय ताकद असणार, असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सटकतं.

दिग्दर्शक मेंगनी त्यांच्या अंतराळपटासाठी माझ्याकडून नादबंदूक करून घेतली. मागे बारा इंची स्पीकर, पुढे निमुळती नळी. दोन महिने खपले मी. आणि शूटिंगच्या आधीच्या पूजेत, सगळ्यांसमोर म्हणतात, "मावशी, तुमचं धूड नको. नायिकाबाईंच्या हातात नुसती हिरवी काठी देऊ, तिच्या जागी बंदूक नंतर कॉम्प्युटर काढेल."

"अहो, ही खरी चालते."

"काय करते? भुंग्यासारखी गुणगुणते?" सेटवरची पोरं फिदीफिदी हसली.

समोर टेबलावर, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, देव म्हणून मांडलेलं उकडलेलं डुकराचं मुंडकं, भाताची दारू आणि दोन मेणबत्त्या. मी रागाच्या भरात नळी रोखली आणि बटण दाबलं.

आवाज कानाला फारसा लागला नाही, पोटात घुमला. सेकंदाला चाळीस वेळा हवा पुढेमागे झाली. ज्योत वातीपासून सुटली आणि विझली. पाठोपाठ दुसरी.

टाळ्या कुठल्या! नेम कशावर धरला, ते मला तेव्हा कळलं. पूजेच्या मेणबत्त्या विझवल्या होत्या मी.

"अपशकुन!" निर्माता किंचाळला.

मेंग पांढरेफटक पडले. "मावशी, बंदूक उचला आणि चालायला लागा."

मी हलले नाही. मेणबत्त्या परत पेटवल्या, नवी दारू ओतली, गुडघे कुरकुरत असताना तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं. मग मुंडक्याला मोठ्यांदा सांगितलं, "देवा, चूक माझी, शिक्षा मला दे. पण ही बंदूक काही करत नाही म्हणणारे खोटे ठरले, ते तूही पाहिलंस."

बांग सुन-रे बाई पुढे आल्या. सत्तरीच्या, सिनेमाच्या नायिका. त्यांनी बंदूक उचलली, छताकडे रोखली, बटण दाबलं. त्यांचे हात खांद्यापर्यंत थरथरले.

"मेंग, काठी धरून हे असं थरथरायला शिकवशील मला?"

"बाई, पण मेणबत्त्या..."

"विझवल्या तिनं, पेटवल्याही तिनंच. तू काय केलंस?"

मेंगनी हिरवी काठी माझ्याकडे सरकवली. बाईंनी बंदूक खाली ठेवलीच नाही.

हिरवी काठी मी घरी आणली. चांगली सरळ आहे. तिच्यावर मी आता फडकी वाळत घालते.