आठ बंदुका

मिस्त्रीने सतरंज्या झटकून प्रार्थनाघरात पुन्हा अंथरल्या, तोवर दारात एक बाई येऊन उभी राहिली. नदीपलीकडच्या शाळेत शिकवायची; तिथले बाक मिस्त्रीनेच केले होते. एका पायात बूट, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं.

"पाणी मिळेल?"

तिने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग तिला भिंतीलगत मांडलेली प्रार्थनेची पुस्तकं दिसली.

"आम्हीही हेच करत होतो हो, काका. तीनशे माणूस होतं आत. हल्लेखोर आले आणि त्यांनी बाहेरून कडी घातली." मिस्त्रीकडे वळून ती म्हणाली, "आमच्याकडे एकही बंदूक नव्हती. तुमच्याकडे आहेत ना?"

होत्या की. चांगल्या आठ. लष्कराने गल्लीच्या रक्षणासाठी दिलेल्या, आणि त्यातली पहिली बंदूक सही करून घेतली ती मिस्त्रीच्याच पोराने. त्यावरून आठवडाभर बापलेकांत विस्तव जात नव्हता. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणत मिस्त्री रोज तीनदा प्रार्थना घ्यायचा. गाव सोडा म्हणणाऱ्या लष्करी साहेबालाही त्याने वाटेला लावलं होतं. मिस्त्रीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! सगळी गल्ली बायकापोरांसह मागे राहिली आणि गपगुमान प्रार्थनेला येऊ लागली. पोरगा तेवढा यायचा नाही.

बाई लंगडत पुढे निघून गेली. दुपारच्या प्रार्थनेला अर्धा तास होता. मिस्त्री तरातरा घरी आला आणि थेट पोराच्या खाटेखाली वाकला. जुनी ट्रंक, हवा गेलेला फुटबॉल, बाकी धूळ. त्याने गादी उलटी केली. तिथेही काही नव्हतं.

त्याची पाचावर धारण बसली. देवावरचा विश्वास उडाला होता असं नव्हे. पण कडी घातलेल्या त्या दाराआड त्याला आपला एकुलता एक पोरगा दिसत होता, आणि पोराच्या हातात काहीतरी असावं एवढंच त्याला वाटत होतं.

मोरीचं दार वाजलं. पोरगा बाहेर आला. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"बाबा, आज मी पण येतोय प्रार्थनेला."

"ऐकलंत का?" आतून पोराची आई म्हणाली. "सुबुद्धी झाली एकदाची!"

"आणि ती... बंदूक?" मिस्त्रीच्या तोंडून जेमतेम निघालं.

"परत केली. आठही गेल्या. सकाळी लष्कराचा शेवटचा ट्रक निघाला, त्यात टाकल्या. बाकीचे सात जण ऐकेनात हो! शेवटी म्हटलं, आमच्या बाबांचा शब्द आजवर कधी खोटा पडलाय का, सांगा."

तो हसला. आठवड्यात पहिल्यांदाच बापाकडे बघून हसला. मग त्याला उलटी पडलेली गादी दिसली.

"काय शोधत होतात?"

"चपला," मिस्त्री म्हणाला.

पोराने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपला पायातच होत्या. पोराचं हसू हळूहळू मावळलं.

खिडकीतून कुणीतरी हाक मारली. "मिस्त्री, येताय ना? सगळे खोळंबलेत."

पोराने गादी सरळ केली, चादर ओढून नीट खोचली आणि बापाचा दंड धरून त्याला दाराकडे वळवलं.