भंगाराच्या पिंपातला पाय

धाकल्याने अंगणात तिसरी फेरी मारली तेव्हा शेजारचा चिमण म्हणाला, आता याला लग्नात नाचायलाच न्या. सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त हसला तो धाकल्याच. दोन वर्षं उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नुसती विचारपूस करणारा माणूस आज काठीशिवाय चालत होता. त्याची बायको जयवंती मात्र चुलीकडे तोंड करून बसली होती.

हायवेवर एका टेम्पोने धाकल्याचा गुडघ्याखालचा पाय नेला. शिबिरात मिळालेला रबरी पाय भाताच्या चिखलात फाटला. गुडघ्याखाली खुंटावर बसणारी वरची वाटी तेवढी शाबूत राहिली. तिला जोडायला पाय मिळेल म्हणूनच जयवंती तलासरीजवळच्या त्या शेडमध्ये कामाला लागली होती. तिथे कार्बनच्या काळ्या कापडाचे थर राळेत भिजवून, साच्यात दाबून, भट्टीत भाजून कृत्रिम पाय बनवत. तयार पाय नाण्याने वाजवून बघायचं काम तिचं. खणखणीत वाजला तर खोक्यात, बद्द वाजला तर भंगाराच्या पिंपात.

एक चांगला पाय द्या, असं तिने सुपरवायझर शैलेश साहेबांना विनवून पाहिलं. तो परदेशी जायचा माल, मोजून जातो, ते म्हणाले. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, पिंपातला एक ने, पण मी दिला नाही हं. माणूस वाईट नव्हता. नोकरी जपून होता, इतकंच. पिंपातले पाय बद्द का वाजतात तेही त्यांनी समजावून सांगितलं. माल लवकर हवा होता, म्हणून भट्टी पुरती निवायच्या आत उघडली. निवताना राळ आकसते, धागा आकसत नाही, आणि ती ओढाताण आतच कोंडून राहते. वरून काही दिसत नाही. आत बारीक तडे जातात आणि वापरता वापरता वाढतात.

"कधी मोडंल?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. उद्या, नाहीतर पाच वर्षांनी. घरातल्या घरात वापरू दे. ओझं उचलू देऊ नकोस."

तिने पिंपातला त्यातल्या त्यात बरा वाजणारा पाय निवडला आणि डहाणूच्या कारागिराकडून जुन्या वाटीला बसवून घेतला. धाकल्याला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? किती दिवसांनी तो हसत होता.

धाकल्या घरात थोडाच राहणार! विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत हिंडून आला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, उद्यापासून चिकूच्या वाडीत क्रेट उचलायला जातो.

"नको जाऊ," जयवंती म्हणाली. "पाय फुटका हाये."

"कुठं फुटका?"

"आतून. मी वाजवून बघितलाय. फुटका हाये म्हणून तर मिळाला."

धाकल्याने पायाकडे बघितलं. "तुला पयल्यापासून ठाऊक व्हतं?"

तिने होकाराची मान हलवली. त्याने चिडावं, निदान एखादी शिवी तरी द्यावी, असं तिला फार वाटलं. पण त्याने बसल्या जागी पट्टे सोडले, पाय भिंतीला टेकवून ठेवला आणि उरलेला भात खाल्ला.

पुन्हा त्याने तो बांधला नाही. ओझं नको म्हटलंय, चालायला काय हरकत, असं तिने कितीदा विनवलं. तुटेल तेव्हा तुटेल, असं चिमणनेही समजावलं. धाकल्या हो म्हणायचा आणि काठी जवळ ओढायचा. एकदाच तिला म्हणाला, "पाऊल टाकलं की वाटतं, आता मोडंल. सारा जीव पायात. त्यापेक्षा नसलेला बरा."

गप्प राहिली असती तर एखाद दिवशी तो वाडीत क्रेटसकट कोसळला असता. पण तोवर चालला तरी असता. जयवंतीला यातलं कुठलं बरं झालं असतं ते कधी ठरवता आलं नाही. उंबऱ्यावरचा नवरा ओलांडून ती रोज कामाला जात राहिली.

पावसाळा सरल्यावर शैलेश साहेबांनी शेडमध्ये सहज विचारलं, "काय गं, नवऱ्याचा पाय टिकला का?"

"टिकलाय, साहेब," जयवंती म्हणाली. "ओरखडा पण नाय."