खिंडीत न दमणारी गाडी

आमच्या केटल फोर्क गावच्या पेट्रोल पंपासमोर सकाळपासून माणसं थिजून उभी होती. थंडीनं कमी, नवलानं जास्त. पांढऱ्या डोंगरावरून गावोगाव फिरणाऱ्या उपदेशक ब्रदर कॉर्टची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी, खाली येत होती. खिंडीपर्यंत जाऊन आली, आणि वाटेत कुठंही थांबली नाही.

आमच्याकडे न थांबता खिंड कुणी चढत नाही. झाडं संपतात तिथं उतरायचं, हातमोजा दातांत धरायचा, आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरमधला मोठ्या भोकाचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, काढून बारीक भोकाचा बसवायचा. नाही बसवला तर वर इंजिन पेट्रोलनं गुदमरतं, प्लग ओले होतात, आणि जिथून हिमकडे कोसळतात नेमक्या त्याच उतारावर गाडी बसकण मारते.

कॉर्टनं हँडलला लटकलेलं देवाचं तांब्याचं पदक ओंजळीत घेतलं. "मी डोंगराशी भांडत नाही, बाबांनो. मी पदकाला सांगतो, पदक डोंगराला सांगतं. जेट बदलणं म्हणजे देवावर पाना चालवणं."

त्यानं विकायला आणलेली तसली पदकं हातोहात खपली. आधीच घेतलेलं पदक लावूनही ज्याची गाडी वर बंद पडली होती, त्याला कॉर्टनं कुरवाळून सांगितलं, की लेकरा, तुझी श्रद्धाच गार पडली होती.

मी हसले. पण मागे वळून बघते तर माझा नवरा वेंडेल आमच्या जुन्या गाडीला पदक बांधत होता. खिंडीपलीकडच्या खोऱ्यात त्याची बहीण झेल्डा एकटी राहते. तिचं इन्सुलिन उद्या संपणार होतं, आणि दुपारनंतर वादळ येणार होतं.

"जेट घेतलेस?" मी विचारलं.

"नाही. मनात शंका ठेवली तर पदक चालत नाही म्हणे."

"आणि गाडी चालली नाही तर?"

मी त्याची बाही धरली, त्यानं ती हळूच सोडवून घेतली. इतक्या वर्षांत तो माझ्याशी इतका हळू कधी वागला नव्हता. तेव्हा मला खरी भीती वाटली.

इन्सुलिनचा डबा घेऊन डॉक्टर थोरा दवाखान्यातून आल्या. त्यांनी पदक पाहिलं, मग कॉर्टची नवीकोरी गाडी पाहिली, आणि तिचं झाकण उघडायला सांगितलं.

"श्रद्धेची नाडी बघता येत नाही, डॉक्टर," कॉर्ट म्हणाला.

"गाडीची बघते. का, झाकणाखाली देव झोपलाय?"

लोक हसले, आणि कॉर्टला मागे सरता येईना. डॉक्टरांनी इंजिन चालू करायला लावलं. आत बोटभर लांबीचं एक काळं बोंड होतं. त्याच्या तोंडाला त्यांनी आपल्या पिशवीतली रबरी नळी लावली, नळीला सुईविना सिरिंज, आणि दट्ट्या सावकाश मागे ओढला.

इंजिन अडखळलं, खोकलं, मरायला टेकलं. पदक तिथंच लटकत होतं. दट्ट्या सोडताच इंजिन पुन्हा गुरगुरू लागलं.

"हे बोंड हवेचा दाब मोजतं," डॉक्टर म्हणाल्या. "वर हवा विरळ, म्हणून पेट्रोलही कमी लागतं. आतला छोटा कॉम्प्युटर दाब बघून पेट्रोलची पिचकारी क्षणभर आधी बंद करतो. मी दट्ट्या ओढला, त्याला वाटलं आपण खिंडीत आलो. त्यानं पेट्रोल तोडलं, आणि इथल्या दाट हवेत इंजिन उपाशी पडलं. कॅनडात अशा गाड्या मी पाहिल्यात. वेंडेल, तुझ्या कार्बुरेटरला हे कळत नाही. त्याच्यासाठी तुलाच जेट बदलायला हवा."

कॉर्ट आधी हसला, मग म्हणाला की हे बोंडही देवानंच दिलंय. कुणीतरी मागून विचारलं, "मग पदकाचे पैसे कशाचे?" त्यावर मात्र त्याला घाईनं जायचं आठवलं.

वेंडेलनं पदक सोडून बर्फात टाकलं आणि जेट आणायला धावला.

तो इन्सुलिन घेऊन निघाला तेव्हा शिखरावर ढग उतरू लागले होते. मी रेडिओजवळ बसले. खिडकी पांढरी झाली, डोंगर दिसेना, रेडिओ नुसता खरखरत राहिला. मग त्या खरखरीतून त्याचा आवाज आला, थंडीनं बोबडा झालेला. झाडांपाशी बोटं बधिर झाली, पण जेट बसला. झेल्डानं इंजेक्शन घेतलंय, आणि आता सूप गरम करतेय.

मी रेडिओचा आवाज वाढवला आणि त्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

तुमच्याही गावात असा कुणी ना कुणी येईल. त्याचं सगळं ऐकून घ्या, हवं तर हातही जोडा. पण त्याच्या शब्दावर आपलं माणूस डोंगरात धाडण्याआधी त्याला गाडीचं झाकण उघडायला सांगा.