जीपच्या तोंडाला यारी

देवगाव फाट्यावरच्या मुंजाजीकडे मिलिटरीनं मोडीत काढलेली एक जीप होती. सेलूच्या दुकानांतून मीठ, गूळ, रॉकेलचे डबे भरायचे आणि आतल्या खेड्यांतल्या दुकानदारांना पोचवायचे, हा त्याचा धंदा. उन्हाळ्यात हे काम कुठलाही बैलगाडीवाला करी. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा बंद पडत, आणि मग मुंजाजीशिवाय कुणी आत जात नसे.

घरी तो एकटाच असायचा. मुलगा पिंपरीच्या कारखान्यात लागला, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून बायको रुख्मिणी तिकडे गेली, आणि नातवाच्या मागे तिकडचीच झाली. भांडण असं काही नव्हतं. संक्रांतीला येते, अक्षय्य तृतीयेला येते, असं करता करता वर्षं गेली आणि मुंजाजीनं विचारायचं सोडून दिलं. सकाळी भाकरी थापायची, दोन वेळा खायची. फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं पुष्कळ असत, पण ती सगळी कुठंतरी निघालेली असत.

वाटेत एक नाला होता आणि नाल्याच्या अलीकडे मेंढपाळांची दहा-बारा घरांची वाडी. तिथली चिकण माती चाकाला कणकेच्या गोळ्यासारखी चिकटायची. चारी चाकांचा जोर लावला तरी जीप जागच्या जागी खाली बसायची. मग मुंजाजी हॉर्न वाजवी. वाडीतून येडबा बैलजोडी घेऊन येई, पुढं दोरखंड बांधून जीप वर ओढून काढी, आणि वरच्या अंगाला त्याची बायको भिवराबाई कमरेवर हात ठेवून उभी राही.

"भाऊ, तुमची गाडी आमच्याच दारात बसती बघा," ती म्हणायची. "चला, भाकर खाऊन जा."

मग घोंगडीवर बसून भाकरी, लसणाची चटणी, ताक. येडबा मेंढरांचं बोलायचा, कुठल्या रानात चारा आहे, कुणाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचीत. मुंजाजी सेलूच्या बाजारातलं सांगायचा. निघता निघता तिसरा प्रहर व्हायचा. जीप रुतणं ही खरं तर आपत्ती, पण मुंजाजीला तिचा राग कधी आला नाही.

दुष्काळ संपून पाऊस पुन्हा धड पडायला लागला, त्या वर्षी श्रावणात जीप अशीच रुतली. मागच्या ट्रेलरमध्ये मिठाची पोती होती. येडबानं बैल जुंपले, मुंजाजीनं गिअर टाकला. बैलांनी माना खाली घालून जोर केला, आणि डाव्या बैलाचा मागचा पाय चिखलात सरकला. तो फाकून खाली बसला. उठवायला गेले तर उठेना. खुबा निखळला होता.

संध्याकाळपर्यंत सगळी वाडी गोळा झाली, माणसांनी ढकलून जीप बाहेर काढली. वैदू आला, त्यानं ओढून बघितलं, पाला बांधला. बैल उठला खरा, पण तो पाय त्यानं परत जमिनीवर नीट टेकला नाही. भिवराबाई बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. मुंजाजीकडे न बघताच ती म्हणाली, "गाडी निघाली भाऊ. आमची जोडी मोडली."

"गप बस," येडबा म्हणाला. "त्यांनी काय मुद्दाम केलं काय?"

मुंजाजीनं काहीतरी द्यायचं बोलून बघितलं. येडबानं हातानंच नको म्हटलं. त्या दिवशी कुणी जेवायला थांबा म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी तो थांबला नसता. जीप चालवत घरी आला आणि ठरवलं की यापुढं कुणाचा बैल आपल्या गाडीला लावायचा नाही.

दुष्काळात सरकारी कामावर विहिरी खोदणाऱ्या एका टोळीची यारी मुंजाजीकडे पडून होती. विहिरीतून दगडमातीची डोली वर ओढायचं ते यंत्र. मधे लोखंडी पिंप, पिंपावर तारेचा दोर, बाजूला लहान-मोठी दातेरी चाकं आणि फिरवायचं हँडल. टोळी पांगली, तिचा मुकादम ते मुंजाजीच्या अंगणात टाकून गेला होता. दोन माणसांनी हँडल मारलं की अर्धा टन दगड वर यायचा. मुंजाजीनं ते उचलून जीपमध्ये घातलं आणि सेलूला किशनरावच्या वेल्डिंगच्या दुकानी नेलं.

"हे जीपच्या तोंडाला बसवायचं," तो म्हणाला. "दोर झाडाला बांधायचा, हँडल मारायचं. गाडी सोताच वर आली पायजे."

किशनराव यारीभोवती फिरला. "बंपरवर कसून टाकू. चार बोल्टांचं काम हाय."

दोघांनी तसं केलं. दुकानामागच्या ओढ्यात जीप मुद्दाम उतरवली, दोर बाभळीला बांधला आणि मुंजाजीनं हँडल मारलं. दोर ताठ झाला, जीप हलली नाही, पण बंपर हळूहळू धनुष्यासारखा पुढं वाकला आणि एक बोल्ट सुटून चिखलात गेला.

"बंपर धक्का खायला असतो, वढायला न्हाई," किशनराव म्हणाला. "मलाच आधी सुचाया पायजे व्हतं."

मग बंपर काढला. मोडक्या ट्रकच्या चासीचा एक जाड तुकडा शोधून आणला, जीपच्या चासीच्या दोन्ही टोकांवर आडवा ठेवून जोडला, खालून दोन्ही बाजूंना अँगलचे तिरके टेकू दिले. यारी वर बसवली तर हँडल मडगार्डला लागायला लागलं. हँडल कापून आखूड केलं. ते झालं तर जीप चालू होईना, बॅटरी उतरलेली, आणि पुढून दांडा घालून इंजिन फिरवायचं भोक नेमकं नव्या लोखंडाच्या मागं झाकलं गेलेलं. किशनरावनं कपाळावर हात मारला. लोखंडाला मधोमध गॅसनं गोल भोक पाडलं, दांडा त्यातून आरपार गेला, आणि जीप फुरफुरली. पुन्हा ओढ्यात उतरले. या खेपेला मुंजाजी हँडल मारत राहिला, चाक उलटं फिरू न देणारी खिट्टी कटकट वाजत राहिली, आणि जीप बोटभर, वीतभर करत काठावर चढली.

"आता तुला कुनाला हाक मारायचं काम न्हाई," किशनराव समाधानानं म्हणाला.

तसंच झालं. नाल्यावर जीप रुतली की मुंजाजी खाली उतरे, दोर ओढत नेऊन पलीकडच्या लिंबाला बांधे आणि हँडल मारत बसे. हात भरून येत, पाठ धरे, पण जीप निघे. हॉर्नला त्यानं हात लावला नाही. एकदा असंच हँडल मारताना त्यानं मान वर केली तर वाडीच्या बांधावर भिवराबाई उभी होती. डोक्यावर पाटी, एक हात तिला लावलेला. ती थोडा वेळ बघत राहिली. त्याला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. त्यानंही काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. जोडी मोडली, हे तिचं बोलणं त्याच्या कानात होतं, त्यापुढं काय बोलावं ते सुचेना. ती वळली आणि घराकडे गेली. त्यानं खिट्टी दाबली आणि पुन्हा हँडल धरलं.

त्या पावसाळ्यात तो वाडीत गेला नाही. धंदा मात्र चांगला झाला, गाडी वेळेवर पोचू लागली. दुपारी कुठल्या तरी झाडाखाली बसून तो फडक्यातली भाकरी खाई. दिवसच्या दिवस असे जाऊ लागले की मालाचा हिशोब सोडून तोंडातून शब्द निघायचा नाही. कधी कधी तो जीपशी बोलायचा आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचा.

हिवाळ्यात वाट वाळली. एक दिवस गूळ घेऊन तो मुद्दाम वाडीत गेला. येडबाच्या दाराला कडी होती. शेजारची म्हातारी केवळाबाई उन्हात बसली होती.

"ते गेले मेंढरं घेऊन. पिंगळीकडं," ती म्हणाली. "तुमी रुसलाव म्हनून भिवरा लय बोलायची. म्हनं, माज्या तोंडून शब्द गेला अन् भाऊ यायचेच बंद झाले."

"मी कशाला रुसू?" मुंजाजी म्हणाला. "मला वाटलं तेच रुसलेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं माल भरला नाही. परभणीवरून पिंगळीला गेला, विचारत विचारत कापूस वेचून झालेल्या एका रानात पोचला. मेंढरं बसलेली, बाजूला कापडी पाल, चूल पेटलेली. भिवराबाईनं जीप बघितली आणि ती उठून उभी राहिली.

"या भाऊ. इतक्या लांब?"

"गूळ आणला व्हता," तो म्हणाला.

घोंगडी टाकली. येडबा आला, जीपच्या तोंडाला बसवलेल्या यारीवरून त्यानं हात फिरवला. "भारी केलंय," म्हणाला. मग जेवणं झाली. भिवराबाई म्हणाली, "तवा बोलले ते मनात धरू नका. बैलाचं दुःख व्हतं."

"माझ्या मनात तसं काही न्हाई. मलाच तोंड दाखवायची लाज वाटायची."

"आमाला वाटलं, आता गाडी आपली आपन निघती, तुमाला आमचं काय काम."

मुंजाजीनं विचारलं, "वाडीला कधी यायलाव?"

येडबानं चुलीत काटकी सारली. "आता न्हाई यायचं. एका बैलावर काय शेती व्हती? उरलेला इकला. वावर अर्ध्या पिकाच्या बटईनं दिलं. आता मेंढरांसंगंच राहायचं, इकडंच. पोरगी बी गंगाखेडकडं दिलेली हाय, जवळ पडतं."

"हां," मुंजाजी म्हणाला. "ते बराबर हाय."

उन्हं उतरली. भिवराबाई म्हणाली, "आज ऱ्हावा भाऊ. सकाळी जा." येडबाही म्हणाला, जागा आहे, घोंगडं आहे.

मुंजाजीला राहायचं होतं. पण इतके दिवस कुणाचं काही घ्यायचं नाही अशी सवय लागलेली, तीच तोंडातून बोलली. "न्हाई, सकाळी माल न्यायचाय. दुकानदार वाट बघत असतील." दुसऱ्या दिवशी सेलूचा बाजार बंद होता, कुणी वाट बघत नव्हतं.

त्यांनी त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं. परभणीच्या वाटेवर त्याला दोनदा वाटलं, गाडी वळवावी आणि सांगावं की उद्या काही काम नाही. दर वेळी तो म्हणे, पुढच्या फाट्यावर वळवू. फाटे येत गेले. देवगावला पोचला तेव्हा चहाचं दुकानही बंद झालं होतं. त्यानं जीप अंगणात लावली, कुलूप काढलं आणि चूल न पेटवता तसाच आडवा झाला.